चांदीच्या रेघा आणि अडलेलं ऊन

प्रश्न : गच्चीवर सोलर पॅनेल बसवलं. काचेखाली बारीक चंदेरी रेघा दिसतात. त्यांच्याखाली ऊन पोचत नसणार ना? मग मोबाइलच्या स्क्रीनवर असतो तसा पारदर्शक वाहक थर का देत नाहीत? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : बरोबर आहे तुमचं, तेवढं ऊन वायाच जातं. त्या रेघा चांदीच्या पेस्टने छापलेल्या असतात. सिलिकॉनमध्ये तयार झालेली वीज त्याच गोळा करतात. रेघ बारीक केली की सावली घटते, पण विजेला होणारा रोध वाढतो.

तुम्ही म्हणता तो थर इंडियम टिन ऑक्साइडचा, म्हणजे इंडियम या धातूचं आणि कथिलाचं ऑक्साइड. प्रयोगशाळेत माझं काम याच थरांवर चालतं. थर चढवलेली काच समोरून कोरी दिसते, तिरकी धरली की रंगाची हलकी झाक उमटते. हेटरोजंक्शन म्हणजे दोन प्रकारचं सिलिकॉन जोडून केलेल्या सोलर सेलवर तो देतातही, साधारण 80 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) जाडीचा. तरी वर चांदीच्या रेघा लागतातच, कारण एवढ्या पातळ थरातून वीज लांबवर नेणं जड जातं. जाड करावा, तर वीज वाहणारे तेच मोकळे इलेक्ट्रॉन अवरक्त प्रकाश शोषून घेतात. शिवाय इंडियम मिळतं ते मुख्यतः जस्त काढताना निघणारं जोडउत्पादन म्हणून, त्यामुळे हवं तेवढं वाढवता येत नाही.

म्हणून मला प्रिन्स्टन विद्यापीठातल्या स्टीफन चाऊ यांचं 2012 मधलं काम फार मोलाचं वाटतं. त्यांनी प्लास्टिकच्या सोलर सेलमधून हा थर काढूनच टाकला आणि त्याजागी 30 नॅनोमीटर जाडीची धातूची जाळी बसवली. भोकं 175 नॅनोमीटरची, दोन भोकांमध्ये धातू जेमतेम 25 नॅनोमीटर. भोकं प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान. धातू म्हटला की प्रकाश परतवणार, असं आपण धरून चालतो. इथे मात्र धातूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात, प्रकाश आत ओढला जातो आणि जाळी व मागचा धातू यांच्यामध्ये कोंडला जातो. मधला, वीज तयार करणारा प्लास्टिकचा थर फक्त 85 नॅनोमीटरचा, तरी काही रंगांचा 96 टक्के प्रकाश त्या सेलने शोषला. ऊन तिरकं पडलं तरी फारसा फरक पडला नाही. वीज गोळा करणारा भागच ऊनही आत घेतो, हे मला त्यातलं सर्वांत सुंदर वाटतं.

इंडियमवाल्या तशाच सेलपेक्षा कार्यक्षमता 52 टक्क्यांनी वाढली. पण वाढून झाली 4.4 टक्के, आणि गच्चीवरची आजची सिलिकॉन पॅनेलं 20 टक्क्यांच्या पुढे आहेत. तेव्हा तुमचं पॅनेल बदलायचा विचार नको. खरी अडचण आहे ती अशी जाळी चौरस मीटरच्या मापात, एकसारखी आणि स्वस्तात करण्याची. चाऊ यांनीच 1990 च्या दशकात पुढे आणलेल्या, साच्याने ठसा दाबून नक्षी उठवण्याच्या पद्धतीवर माझी भिस्त आहे.