वांग्याच्या वावरात सेन्सर लावायचेत, मग कोणती शाखा?

प्रश्न : यावल तालुक्यात आमची भरिताच्या वांग्यांची शेती आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. मातीतली ओल मोजणारे सेन्सर बसवून ठिबक आपोआप चालू-बंद करायचं तिच्या डोक्यात बसलंय. तिचे काका म्हणतात, पुण्याला कॉम्प्युटरला टाका. शेतीतच राहायचं तर इंजिनीअरिंग कशाला? काय करावं?

उत्तर : नमस्कार दादा,

लेकीला कृषी अभियांत्रिकीला पाठवा. राहुरीच्या कृषी विद्यापीठात डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, 4 वर्षांचं बी.टेक. तिथे नंबर लागला नाही तर इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, आणि त्यानंतर कॉम्प्युटर. काकांची काळजी खरी आहे, कॉम्प्युटरला नोकऱ्या जास्त दिसतात. पण तिला जे करायचंय ते अडतं मातीपाशी, प्रोग्रामपाशी नाही.

तुमच्याच वावराचं बघा. काळी माती सुकली की आक्रसते. सेन्सरच्या पात्याभोवती फट पडते, तिथे हवा शिरते आणि आकडा ‘कोरडं’ दाखवतो. बोटभर पलीकडे ओल असते, तरी मोटार चालूच राहते. वांग्याला पाणी जास्त झालं की मुळं कुजतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. सेन्सर ड्रीपरपासून किती अंतरावर आणि किती खोल गाडायचा, वाफसा (माती फार ओलीही नाही, फार कोरडीही नाही अशी स्थिती) आला हे त्याच्या आकड्यावरून कसं ओळखायचं, हे ज्याला जमतं त्याचीच यंत्रणा शेतकरी दुसऱ्या वर्षी काढून टाकत नाही. वाफसा हाताने ओळखणारा माणूस तिच्या घरातच आहे, ही तिची फार मोठी जमेची बाजू.

दुसरी अडचण लाइटची. जमीन दुपारी कोरडी पडली आणि मोटारीला लागणारी थ्री फेज लाइट रात्री येणार असेल, तर नुसता सेन्सर काय करणार? लाइट आल्यावर आधी व्हॉल्व्ह उघडायचा, मग मोटार; उलटं झालं तर बंद पाइपावर दाब येऊन सांधे सुटतात. मध्ये शेजाऱ्याची केळी उभी असेल तर वायफायचा सिग्नल पानांमधल्या पाण्यातच जिरतो. म्हणून अशा कामाला ‘लोरा’ ही कमी विजेवर लांब जाणारी रेडिओ पद्धत वापरतात. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते विनापरवाना चालतं आणि मोकळ्या रानात बरंच लांब पोहोचतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिला एक छोटं काम करू द्या. कपॅसिटिव्ह प्रकारचा (धातू उघडा न ठेवता ओल मोजणारा) एक सेन्सर आणि त्याचा आकडा वाचणारा छोटा ईएसपी32 बोर्ड, एवढंच आणा. दोन खिळ्यांसारखे टोक असलेला स्वस्त सेन्सर नको, तो मातीत गंजतो. वाफ्यातली माती उन्हात पूर्ण वाळवून तोलायची, मग मोजून थोडं थोडं पाणी मिसळत दरवेळी सेन्सरचा आकडा वहीत लिहायचा. तुम्ही ज्या ओलीला वाफसा म्हणाल, त्या ओळीखाली खूण करायची. मोटारीला अजून काही जोडू नका. या चार दिवसांत कंटाळली, तर कॉम्प्युटरचा विचार खुशाल करा. रंगली, तर तिला अडवू नका.

आता नोकरीबद्दल. जळगावात ठिबकचा मोठा उद्योग उभा आहे. तिथे डिझाइन, स्वयंचलन, शेतावरची सेवा अशी कामं असतात. पुढे एम.टेक.साठी ‘गेट’ या प्रवेश परीक्षेला कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. सुरुवातीचा पगार मात्र सॉफ्टवेअरएवढा धरू नका. आणि पदवी घेऊन ती भालोद-बामणोदच्या वांगीवाल्यांकडे यंत्रणा बसवू लागली, तर शिक्षण वाया गेलं असं मी तरी म्हणणार नाही.

सीईटी या प्रवेश परीक्षेला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप नक्की द्यायला सांगा. गणिताशिवाय कृषी अभियांत्रिकीला प्रवेश नाही. कृषी आणि इंजिनीअरिंगची प्रवेशप्रक्रिया वेगवेगळी चालते, तेव्हा दोन्हीकडे अर्ज भरा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, शेतीचा सातबारा यांपैकी जे लागू असेल ते आत्तापासूनच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रावर गर्दी उसळते.