‘सरकता चिमटा’ की ‘सरकतं कडं’?

परभणीहून एका प्राध्यापकांनी विचारलं आहे: पदवीच्या वर्गासाठी आर्किया या एकपेशीय सूक्ष्मजीवांतल्या डीएनए प्रतिकरणावर (डीएनएची नक्कल होण्यावर) टिपणं काढतो आहे, ‘स्लायडिंग क्लॅम्प’ला ‘सरकता चिमटा’ म्हटलं तर चालेल का?

सर, चिमटा नको. चिमट्याला दोन पाय असतात आणि तो दाबून धरतो. चिमटा निखाऱ्यावरून सरकला की निखारा पडलाच! आर्कियातला स्लायडिंग क्लॅम्प म्हणजे पीसीएनए हे प्रथिन, आणि ते डीएनएला दाबत नाही. पायरोकॉकस फ्युरिओसस या आर्कियात त्याचे तीन एकसारखे घटक एकमेकांना जोडून पूर्ण वर्तुळ होतं. मधलं भोक सुमारे ३५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), डीएनएची जाडी २०. म्हणजे ते ऐसपैस सरकतं. डीएनएची नवी साखळी जोडणारं पॉलिमरेज या वर्तुळाला धरून राहतं, म्हणून डीएनएवरून लवकर सुटत नाही. ‘चिमटा’ वाचलेला विद्यार्थी दोन पायांची आकृती काढणार आणि पुढे ‘सरकतं कसं?’ इथे अडकणार.

‘सरकतं कडं’ लिहा. मात्र अनुस्वारासह. ‘डीएनएभोवतीचे कडे’ असं छापलं की शब्दयोगी ‘कडे’ आडवा येतो. अनेकवचन ‘कडी’ तर थेट दाराला लागते, तेव्हा शक्यतो एकवचनातच वाक्य बसवा.

सल्फोलोबस या दुसऱ्या आर्कियात तिन्ही घटक वेगळे: पहिल्याला फेन-१ (डीएनएचं लोंबतं टोक कापणारं प्रथिन) धरतं, दुसऱ्याला पॉलिमरेज, तिसऱ्याला लायगेज (डीएनएचे तुकडे सांधणारं प्रथिन). तिथे ‘विषमत्रिक’, पायरोकॉकससाठी ‘समत्रिक’. आर्कियासाठी ‘आदिजीवाणू’ मात्र टाळा. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वोज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘आर्किबॅक्टेरिया’ या जुन्या नावातला ‘बॅक्टेरिया’ मुद्दाम काढला, तो आपण मागच्या दाराने परत कशाला आणायचा?

आता ‘क्लॅम्प लोडर’, म्हणजे आरएफसी: एक मोठा, चार लहान घटक. याला ‘कडं चढवणारं प्रथिन’ म्हणा. ‘बांगडी भरणारं’ म्हणायचा मोह होईल, पण कासार बांगडी बोटांकडून आत सारतो. आर्कियाचं गुणसूत्र गोल, त्याला टोकच नाही, सारणार कुठून? म्हणून आरएफसी एटीपी या पेशीतल्या ऊर्जा देणाऱ्या रेणूच्या बळावर कड्याचा एक सांधा उघडतं आणि डीएनए आत आला की कडं मिटतं. वर्गात बाळाचा वाळा दाखवा: थोडा फाकवून पायात घालतात, मग पायावर खालीवर सरकतो. फक्त वाळ्याची फट कायम राहते, पीसीएनएची राहत नाही, हे तेवढं सांगा.