मोबाईलवर शिकून सीपीआर येतं का?

प्रश्न: मी नाशिकला सिडकोत एका छोट्या हॉस्पिटलात आयसीयूला नर्स आहे, नाईट ड्युटीत सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवायचा) ऑनलाइन कोर्स करते, पण खरंच उपयोग होतो का? – एक वाचक

उत्तर: ताई, होतो, पण अर्धाच. व्हिडिओ बघून डोकं तयार होतं, हात नाही होत. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल छाती दाबायची हे पाठ असतं सगळ्यांना, पण डमीवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, २ मिनिटं करून बघा, मनगटं भरून येतात आणि दाब कधी उथळ झाला ते कळतही नाही, म्हणून तर दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवण्याचा प्राथमिक कोर्स) यामध्येसुद्धा थिअरी ऑनलाइन झाली तरी प्रॅक्टिकल समोरासमोरच द्यावं लागतं.

ऑनलाइनचा खरा फायदा म्हणजे बदल लगेच कळतात. २०२५च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या गाइडलाइनमध्ये मोठ्या माणसाच्या घशात काही अडकलं तर आधी पाठीवर ५ थापा, मग पोटावर ५ झटके, असं आलटून पालटून करायला सांगितलंय, आधी थेट पोटावरच होतं. (घरी सासूबाईंनाही दाखवून ठेवा, लाडू काय, कुणाच्याही घशात अडकतो.) आणि मॅट्रनना सांगून महिन्यातून एकदा डमी वॉर्डातच मागवा.