'मुहाजिर'ला 'निर्वासित' म्हणावं का?

प्रश्न असा: कराचीविषयीच्या मजकुरात 'मुहाजिर' आलं की मराठीत 'निर्वासित' लिहिलं तर चालेल का?

1947 च्या आसपासचं वर्णन असेल तर चालेल, पण अर्थाचा मोठा भाग गळतो. 'निर्वासित'मध्ये कुणीतरी हाकलून लावल्याचा भाव आहे. 'मुहाजिर' म्हणजे हिजरत (धर्मासाठी देशांतर) करणारा, स्वतः निघून आलेला. 622 साली मक्केहून मदिनेला गेलेले पैगंबरांचे साथीदार ते मुहाजिर आणि त्यांना आसरा देणारे ते अन्सार. उत्तर प्रदेश, बिहार, दिल्ली, हैदराबाद सोडून पाकिस्तानात गेलेल्यांना या शब्दाने धार्मिक मान मिळाला. आपल्याकडेही पंजाबातून आलेले 'शरणार्थी नाही, पुरुषार्थी म्हणा' असं सांगत, ते याच स्वाभिमानापोटी.

पुढे या शब्दाचं जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पाकिस्तानच्या 1951 च्या जनगणनेत मुहाजिरांची वेगळी मोजदाद झाली, सुमारे 72 लाख. माणसांना खान्यांत बसवून मोजायची ही सवय इंग्रजी राजवटीचीच. पूर्व पंजाबातून आलेले पश्चिम पंजाबात मिसळून गेले, कारण भाषा एकच होती. सिंधमध्ये तसं झालं नाही. तो प्रांत 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आणि सिंधीची अरबी वळणाची लिपी इंग्रजांनी 1853 मध्ये ठरवून तिला कचेरीत, शाळेत स्थान दिलं होतं. त्यामुळे उर्दू बोलणारे आले ते स्वतःच्या भाषेचा पक्का अभिमान असलेल्या मुलखात. 1972 मध्ये सिंधी भाषेच्या विधेयकावरून तिथे दंगली पेटल्या. 1984 मध्ये अल्ताफ हुसेन यांनी 'मुहाजिर कौमी मूव्हमेंट' काढली. ते स्वतः जन्मले कराचीत, 1953 साली! जो कुठूनही आलेला नाही, त्याला 'निर्वासित' कसं म्हणणार? तोवर तो शब्द एका समाजाचं नाव झाला होता. 1997 मध्ये पक्षाने नावातलं 'मुहाजिर' काढून 'मुत्तहिदा' (संयुक्त) घातलं, तरी लोकांच्या तोंडी समाजाचं नाव तेच राहिलं.

म्हणून 1970 नंतरच्या संदर्भात 'मुहाजिर' तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'फाळणीनंतर भारतातून गेलेले उर्दूभाषक आणि त्यांचे वंशज' एवढा खुलासा द्या.

फाळणीनंतर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात गेलेल्या, ढाक्याच्या छावण्यांतल्या बिहारी मुसलमानांसाठी मात्र आज हा शब्द नको. त्यांच्यासाठी 'उर्दूभाषक बांगलादेशी' लिहा. 2008 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांचं नागरिकत्व मान्य केलं आहे.