गाडीला ओरखडे पडलेत, इन्शुरन्स क्लेम टाकू का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची 1200 सीसीची हॅचबॅक, चार वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने बाकी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिलरला घासली. डावीकडचं मागचं दार आणि त्यामागचा पॅनल यावर पिलरच्या पिवळ्या रंगाचे पट्टे उमटलेत, दाराला तळहाताएवढा पोचा आलाय, आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर आधीचा एक ओरखडा आहेच. सर्व्हिस सेंटरने तिन्ही पॅनल रंगवायचे टॅक्ससकट 13,000 सांगितलेत, वर "क्लेम टाका मॅडम, तुमच्या खिशातून हजारच जातील". मिस्टर म्हणतात दरवर्षी प्रीमियम भरतो तर वापरायचा कधी, आणि भाऊ म्हणतो दीड वर्षात गाडी विकायचीच आहे ना, मग 45,000 चं फुल बॉडी पेंट ईएमआयवर करून घे, भाव चांगला येईल.

ताई, क्लेम टाकू नका, आणि फुल पेंट तर अजिबात नको.

आधी ते "हजारच" बघू. तुमची गाडी 1500 सीसीच्या आतली, म्हणून प्रत्येक क्लेमला 1,000 सक्तीने तुमच्या खिशातून जातात, इथपर्यंत बरोबर आहे. पण तुमच्या पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं जादा कव्हर) नाहीये, त्यामुळे पेंटच्या मटेरियलवर 50% घसारा कापतात आणि बिल एकत्र असेल तर एकूण पेंटिंगच्या 25% रक्कम मटेरियलची धरतात, म्हणजे 13,000 वर 3,250 आणि त्याचे अर्धे 1,625 तुमचे. शिवाय बंपरचा ओरखडा वेगळ्या वेळचा आहे, तो वेगळा क्लेम, त्याचे आणखी 1,000. "एकाच अपघातात दाखवू" असं काउंटरवर कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, फॉर्मवर सही तुमची असते आणि माहिती खोटी निघाली तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या खिशातून 3,625 जाणार आणि कंपनी देणार 9,375.

आता जाणार काय ते बघा. तुम्ही तीन वर्षं एकही क्लेम केला नाही म्हणून आत्ता 35% नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) चालू आहे, दोन महिन्यांनी रिन्यूअलला तो 45% होईल, पुढच्या वर्षी 50%. क्लेम टाकलात की रिन्यूअलला थेट शून्य, मग परत 20, 25, 35 असं चढत जायचं. हा बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर नाही. तुमच्या कागदावर बोनस वजा करण्याआधीचा ओन डॅमेज 9,000 आहे, म्हणजे पहिल्याच वर्षी 45% चे 4,050 गेले. दुसऱ्या वर्षी गाडीची किंमत उतरल्यामुळे तो साधारण 8,400 धरू, तिथे 50 आणि 20 मधला फरक 30%, म्हणजे 2,520. असं क्लेम टाकला आणि नाही टाकला या दोन्ही बाजू परत 50% वर येईपर्यंत मोजलं तर माझ्या हिशेबाने 10,030 होतात आणि वर 18% जीएसटी धरून जवळजवळ 11,800. मिळणार 9,375 आणि जाणार 11,800.

आणि गाडी विकली तरी हे सुटत नाही, कारण बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. विकताना इन्शुरन्स कंपनीकडून एनसीबीचं सर्टिफिकेट घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला लावता येतं. नव्या मोठ्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम 20,000 च्या पुढे सहज जातो, तिथे 50% म्हणजे काय ते तुम्हीच बघा. आजच्या ओरखड्यासाठी ते घालवू नका ना.

मिस्टरांना सांगा, इन्शुरन्स वापरायचाच आहे पण मोठ्या फटक्याला. उद्या देव न करो पण समोरून कुणी ठोकलं, बोनेट, हेडलाइट, रेडिएटर मिळून 60,000 चं बिल आलं, तर एक मिनिट विचार न करता क्लेम टाका. रिन्यूअलला झिरो डेप मात्र नक्की विचारा, कारण बंपरसारखे प्लास्टिकचे पार्ट बदलायची वेळ आली तर त्याशिवाय निम्मी किंमत तुमच्यावर पडते.

आता गाडीकडे या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पिवळे पट्टे ठळक दिसतायत पण तो पिलरचा रंग तुमच्या रंगावर बसलाय, तुमचा रंग गेलाय असं नाही. गाडी शाम्पूने धुवा, सुकल्यावर पट्ट्यावरून नख फिरवा. नख कुठे अडकलं नाही तर ओरखडा वरच्या क्लिअर कोटमध्येच (रंगावरच्या पारदर्शक थरातच) आहे, रबिंग कंपाउंड आणि मायक्रोफायबरच्या कापडाने सावलीत हलक्या हाताने घासलंत की बराचसा निघतो, नाहीतर डिटेलिंगवाल्याकडे हजाराच्या आसपास काम होतं. तारेची घासणी अजिबात लावू नका, मग खरंच पेंट करावा लागेल. नख अडकलं आणि खाली पत्रा दिसला तर मात्र पावसाळ्याची वाट बघू नका, गंज धरतो, गाडीचा कलर कोड बघून टचअप पेन लावून टाका. दाराचा पोचा गोल आहे, रंग तडकलेला दिसत नाही, त्यामुळे तो पुलरने किंवा आतून रॉड घालून रंगाला हात न लावता काढतात, दोन ठिकाणी भाव विचारा, दीड-दोन हजारात व्हायला हवं. बंपर प्लास्टिकचा, गंजण्याचा प्रश्नच नाही, तो विकेपर्यंत तसाच राहू दे.

भावाच्या फुल पेंटबद्दल. सेकंड हँड गाडी घेणारे आता पेंटची जाडी मोजायचं मीटर लावून बघतात, कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, वर लांबी (पुट्टी) आणि नवा रंग चढला की आकडा लगेच वाढतो आणि समोरच्याला वाटतं गाडी मोठी ठोकलेली आहे. ओरिजिनल रंगाची, एक-दोन ओरखड्यांची चार वर्षांची गाडी लोक आनंदाने घेतात. 45,000 आणि वर व्याज भरून तुम्ही भाव पाडून घ्याल.

तर तीनेक हजारात हे मिटतंय, तेवढे बचत खात्यातून द्या, ईएमआय नको, क्रेडिट कार्डवर तर नकोच. आणि रिन्यूअलची तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा, पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तर एकही क्लेम न करता सगळा बोनस जातो.