डिसेंबरात नाशिकहून चार दिवस मालवणला जातोय, सोबत लहान मुलगी आणि शाकाहारी सासूबाई. जेवायचं कुठे आणि बघायचं काय?

दोनदा जाऊन आलोय, एकदा मे महिन्यात, एकदा डिसेंबरात. तुमचंही डिसेंबरचं ठरलंय म्हणताय ते उत्तम. मे महिन्यात आंबे असतात हे खरं, पण माणसंही तितकीच असतात आणि अंगाला शर्ट चिकटलेला तो चिकटलेलाच राहतो.

आधी जेवणाचं, कारण आपण नाशिककर तिथेच चुकतो. आपल्याकडे मासळी म्हणजे बर्फातून आलेली सुरमई-पापलेट, नाहीतर बाजरीच्या भाकरीबरोबर सुकट. त्यामुळे मालवणात पाय ठेवला की तोंडातून आपसूक ‘एक सुरमई थाळी’ निघतं. पहिल्या खेपेला मीही तेच केलं, मोठ्या पाटीच्या एका हॉटेलात. तुकडा आला तो वरून कुरकुरीत आणि आतून कापूस. असला तुकडा नाशिकच्या कॉलेज रोडला बसूनही मिळाला असता.

त्याच संध्याकाळी जेटीकडे मासळीचा लिलाव बघायला गेलो. होडी लागली की टोपल्या वाळूत रित्या होतात, भोवती बायकांचं कोंडाळं पडतं आणि आकडे सुरू होतात. कोण किती बोललं, कुणाला गेलं, आम्हाला काही कळलं नाही. एवढं दिसलं की ढीग होते ते बांगड्याचे, आणि सुरमया मोजून चार. शेजारच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, ‘आज बांगडो खावा. सुरमई कित्याक?’ रात्री बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, खाल्लं. त्यात तिरफळ हे मसाल्याचं फळ असतं, ते मात्र चावू नका, बाजूला काढा. मी चावलं आणि पाच मिनिटं जीभ दुसऱ्याची असल्यासारखी वाटत होती.

तेव्हा खानावळीत शिरलात की मेनूकार्ड हातात घेण्याआधी ‘आज काय आलंय?’ विचारा. पेडवे, सौंदाळे, लेपा, तिसऱ्या, जे सांगतील ते घ्या. आधी लिलाव बघून गेलात तर उत्तर खरं आहे की नाही तेही कळेल. चैतन्य आणि अतिथी बांबू ही नावं तुम्हाला कुणीही सांगेल, पण जेवणाच्या ऐन वेळी गर्दी असते, मुलगी लहान आहे तर साडेबाराला जाऊन बसा. एक जेवण तरी मालवणजवळच्या तारकर्ली किंवा देवबागला घरगुती ठिकाणी करा, सकाळी सांगून ठेवावं लागतं. कोंबडी-वडे तिथेच खावेत. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये बोटाने भोक पाडून वडा तेलात सोडतात, तो टम्म फुगतो आणि गरम असतानाच ताटात पडतो. गार झाला की वातड.

सासूबाई शाकाहारी आहेत म्हणून घाबरू नका. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी किंवा वडे, हे काही तडजोडीचं जेवण नाही. सकाळी घावणे-चटणी. गोड हवं असेल तर शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या गूळ घातलेल्या रसात. भांडी-तव्याचं सोवळं असेल तर मात्र शुद्ध शाकाहारी ठिकाण आधी शोधून ठेवा.

बघण्यात सिंधुदुर्ग किल्ला पहिला, आणि सकाळी. जेटीवरून होडी मिळते (पावसाळ्यात बंद असते). आम्हाला होडीवाल्याने तासाभराची मुदत दिली होती, ती पुरत नाही, तेव्हा बसतानाच बोलून घ्या. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं. होडी तटाजवळ जाते तरी दरवाजा दिसत नाही, दोन बुरुजांच्या आड तो असा लपवलाय की अगदी समोर गेल्यावर कळतं. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये पिण्याचं! माझ्या मुलाला तोफांपेक्षा याचंच जास्त नवल वाटलं. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली ती जागा. लोक चुकवतात, तुम्ही चुकवू नका.

बाकी रॉक गार्डनला सूर्यास्ताला अर्धा तास पुष्कळ झाला. देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, तिथून संगमापर्यंत होडीची फेरी करा. त्सुनामी आयलंडवर नुसते वॉटर स्पोर्ट्स आहेत, आवड असेल तर जा. स्कूबाला पोहता यायलाच हवं असं नाही, सोबत माणूस असतो. सासूबाईंना आणि मुलीला तेवढ्या वेळात चिवला बीचवर बसवा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर सगळेच उठून बघायला जातील, माझ्या आईने तर दोरीला हातसुद्धा लावला होता.

गाडीने जाणार असाल तर अंतर सहाशे किलोमीटरच्या घरात आहे. एका दमात जाऊ नका, रात्र कोल्हापूरला काढा आणि घाट उजेडात उतरा. येताना बाजारातून गूळ-आल्याचा खाजा घ्या, पण दोन पाकिटं जास्त. आमचा सिन्नर यायच्या आत संपला होता.