बंदूक, बाळगणं आणि एक टिटवी

टेक्सासात ह्यूस्टनला मुलाकडे गेलेले एक वाचक विचारतात : ‘इथे गव्हर्नरच्या निवडणुकीत गन राइट्सवरून रान पेटतं. मराठीत याला बंदुकीचा हक्क म्हणावं की बंदुकीचा अधिकार? आणि मराठी बातम्यांत राज्यपालपदाची निवडणूक असं छापून येतं, ते बरोबर आहे का?’

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याने माझं डोकं कित्येक वर्षं उठवलं आहे. नाही, बरोबर नाही. राज्यपाल नेमला जातो. तो कोणाच्या दारात मत मागायला जात नाही. टेक्सासचा गव्हर्नर गावोगाव फिरून मतं मागतो, निवडून येतो आणि स्वतः कारभार हाकतो. आपल्याकडे त्याचा जवळचा नातेवाईक मुख्यमंत्री, राज्यपाल नव्हेत. ‘टेक्सासच्या राज्यपालांचा प्रचार शिगेला’ हा मथळा वाचून आमच्या शेजाऱ्यांना वाटलं होतं की तिकडे राज्यपालांनीही लाज सोडली. सरळ गव्हर्नर लिहा. मुंबईच्या गव्हर्नरांनी हा शब्द मराठीच्या अंगवळणी पाडून कैक पिढ्या झाल्या. त्याच्या मुळाशी ग्रीकमधलं ‘सुकाणू धरणं’ आहे आणि आपला ‘सुकाणू’ अरबी आहे. पण त्यात शिरलो तर आज बंदुकीपर्यंत पोचणार नाही.

आता हक्क की अधिकार. हक्क. अधिकार खुर्चीला चिकटलेला असतो, हक्क माणसाला. तहसीलदाराला अधिकार असतो, वारसाला हक्क. लोकमान्यांच्या ‘जन्मसिद्ध हक्का’च्या जागी अधिकार घालून पाहा, वाक्य लगेच सरकारी होतं. हिंदीत दोन्हींसाठी अधिकार चालतो आणि तिथूनच आपल्याकडे मानवाधिकार आला, माहितीचा अधिकारही आला. आला तर आला, पण आणखी पाहुणे नकोत. १७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत आलेली दुसरी दुरुस्ती लोकांच्या शस्त्रांबाबतच्या हक्काबद्दल बोलते, आणि तो मोडता येणार नाही असं सांगते.

दोन्ही शब्द आपापल्या जागी पाहायचे असतील तर टेक्सासच्याच १९९४ च्या लढतीकडे या. ऑक्टोबर १९९१ मध्ये तिथल्या किलीन गावात एका माणसाने खाणावळीत शिरून २३ जणांना गोळ्या घातल्या. सुझॅना हप या बाईंचे आईवडील त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. बाईंचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर गाडीत होतं, कारण ते सोबत घेऊन फिरायला कायद्याची मनाई होती. पुढे त्या जागोजागी हेच सांगत फिरल्या. १९९३ मध्ये विधिमंडळाने या प्रश्नावर लोकांचा कौल घ्यायचं विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर होत्या ॲन रिचर्ड्स, स्वतः शिकार करणाऱ्या. त्यांनी नकाराधिकार वापरून ते फेटाळलं. पुढच्या वर्षी जॉर्ज डब्ल्यू. बुश त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि शस्त्र सोबत घेऊन फिरू देणारा कायदा माझ्यापुढे आला तर सही करीन, असं सांगू लागले. गव्हर्नरबाईंचा तो अधिकार, आणि मतदार मागत होते तो हक्क. बातमी देणाऱ्याने दोन्हींसाठी एकच शब्द वापरला तर वाचकाला भांडण कसलं ते कळायचंच नाही.

तरी खरी अडचण आणखी पुढे आहे, आणि ती कोणी विचारत नाही. मूळ दुरुस्तीत क्रियापदं दोन आहेत : शस्त्र ठेवणं आणि शस्त्र अंगावर घेऊन फिरणं. मराठी वार्ताहर दोन्हींवर ‘बाळगणं’ हे एकच पांघरूण घालतो. त्याचंही पुरतं चुकत नाही म्हणा. आपण पैसे बाळगतो, राग बाळगतो, कुत्रं बाळगतो. बाळगलेलं कपाटात आहे की कमरेला, हे मराठी विचारत नाही. टेक्सासचं सगळं भांडण मात्र तेवढ्यावरच होतं. घरात बंदूक ठेवायला रिचर्ड्सबाईंची हरकत नव्हती, खिशात घालून बाजारात जाण्याला होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही ही दोन क्रियापदं वेगवेगळी सोडवावी लागली : घरात ठेवण्याचं २००८ मध्ये, बाहेर घेऊन फिरण्याचं थेट २०२२ मध्ये. तेव्हा पहिल्यासाठी ‘ठेवणं’ लिहा, दुसऱ्यासाठी ‘वागवणं’. वागवणं हा उत्तम शब्द आहे. आजोबा काठी वागवत, आजी चंची वागवे.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो तो शब्द. बंदूक.

तो पोर्तुगिजांनी आणला, असं परवा एका व्याख्यानात ठणकावून सांगण्यात आलं आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. पोर्तुगिजांनी पिस्तूल दिलं, काडतूस दिलं, हे कबूल. पण त्यांच्या भाषेत बंदुकीला ‘एस्पिंगार्दा’ म्हणतात. त्यातून बंदूक काढून दाखवणाऱ्याला मी जेवण घालीन. दुसरे एक सद्गृहस्थ ती ‘बंद’ या शब्दातून काढतात, दारू नळीत बंद असते म्हणून. त्यांना जेवणही नाही.

बंदूक हे मुळात सुक्या मेव्यातलं फळ आहे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, आपल्याकडे परदेशी चॉकलेटात सापडतं ते. त्याच्या आकाराची मातीची किंवा दगडाची गोळी, तीही बुंदुक. ती गोळी ज्या धनुष्याने मारत ते ‘बुंदुकाचं धनुष्य’. पुढे धनुष्य गळलं, दारूची नळी आली आणि नाव तिला चिकटलं. पुरावा हवा? १२६० साली पॅलेस्टाइनमधल्या ‘ऐन जालूत’ इथे मंगोलांना हरवणाऱ्या सैन्यात पुढे होता तो बैबर्स. त्याच साली तो इजिप्तचा सुलतान झाला. त्याचं उपनाव ‘अल-बुंदुकदारी’, कारण त्याचा पहिला धनी बुंदुकदार होता, म्हणजे हे धनुष्य वागवणारा. त्या काळी खांद्याला लावायची बंदूक जगात कुठेच नव्हती. बंदुकीआधी बंदूकवाला जन्माला आला होता!

हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६ च्या जाड्या कोशात युल आणि बर्नेल हीच वाट दाखवतात आणि ऐन टोकाला घसरतात. हेझलनट व्हेनिसहून यायचं म्हणून त्याचं नाव बुंदुक, असं ‘काहींचं म्हणणं’ ते नोंदवतात. व्हेनिसचं अरबी नाव ‘अल-बुंदुकिय्या’ आहे, हे खरं. पण नावं जुळली की नातं जुळतं, असं मानलं तर आमच्या गल्लीतल्या कापडाच्या दुकानाचं नाव पॅरिस आहे. ग्रीक लोक या फळाला ‘पोंतिकोन’ म्हणत, काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावरच्या पोंतुस प्रदेशातलं म्हणून. तिथून बुंदुक. आजही जगात सगळ्यात जास्त हेझलनट तुर्कस्तानात पिकतं, त्याच काठावर, गिरेसुन आणि ओर्दू या भागांत, आणि त्याला तिथे ‘फिंदिक’ म्हणतात. झाड तिथे, नाव तिथे. मग व्हेनिसला जायचं कशाला? काहींचं म्हणणं सोडा, फळ कुठे लागतं ते पाहा.

आणि ही एकटी बंदुकीची गोष्ट नाही. तोफ घ्या. तुर्कीत ‘तोप’ म्हणजे चेंडू. तिथली पोरं आजही खेळतात ती तोप. गलोल घ्या, तिच्या मागे फारसीतला गोळ्याचा शब्द. हत्याराला कोणी हत्याराचं नाव देत नाही, त्यातून काय सुटतं त्याचं देतात. माझा लाडका अंदाज असा की दख्खनमध्ये हे शब्द रूमी, म्हणजे उस्मानी मुलखातल्या, गोलंदाजांच्या तोंडून रुळले. मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ओतणाराही रूमीच. पोंतुसच्या शेजारून आलेली माणसं तोफ आणि बंदूक हे शब्द सोबत घेऊन आली नसतील, तर मी ही चर्चा बंद करीन. कागद दाखवा, असं एक इतिहासकार मित्र दर वेळी म्हणतात. कागद नाही. पण शब्द उलट दिशेने आला, असा कागद त्यांच्याकडेही नाही.

बुंदुकाचं धनुष्य कशासाठी वापरत, हे राहिलं. पाखरं मारायला. म्हणून मला १९९४ च्या त्या लढतीतला एकच प्रसंग मनापासून आवडतो. १ सप्टेंबरला टेक्सासात कवड्यांच्या शिकारीचा हंगाम उघडला आणि बुश पत्रकारांना सोबत घेऊन बंदूक वागवत रानात गेले. एक पाखरू पाडलं. ते कवडा नव्हतं, संरक्षित ‘किलडीअर’ होतं. त्यांनी चूक कबूल केली आणि १३० डॉलर दंड भरला. किलडीअर ही आपल्या टिटवीची चुलत बहीण. तिच्या इंग्रजी नावात मारणं आणि हरीण दिसतं, पण दोघांचाही तिच्याशी संबंध नाही. ती तशी ओरडते म्हणून ते नाव, टिटवीसारखंच.

टिटवी देखील समुद्र आटवते, असं आपण म्हणतो. या टिटवीला ते जमलं नाही. नोव्हेंबरात बुश सुमारे ५३ विरुद्ध ४६ टक्क्यांनी निवडून आले (एकट्या बंदुकीने नव्हे, ते वर्षच देशभर त्यांच्या पक्षाचं होतं) आणि १९९५ मध्ये त्यांनी त्या कायद्यावर सही केली. २०२१ पासून तर तिथे कमरेला पिस्तूल लावायला बहुतेक प्रौढांना परवानाही लागत नाही. मराठी बातमीदारांनो, त्याला ‘विनापरवाना पिस्तूल’ लिहू नका. आपल्याकडे त्या दोन शब्दांनंतर ‘जप्त’ येतं.

ह्यूस्टनकरांनी एवढं करावं. किलडीअर मोकळ्या खडीवरच अंडी घालते आणि जवळ गेलं की पंख मोडल्याचं सोंग करून माणसाला लांब नेते. तुमच्या आसपास नक्की दिसेल. तिकडची मराठी मुलं तिला काय म्हणतात, ते मला कळवा.